चुंदाला पाठवलेला निरोप

भोजनदान म्हणजे भिक्खूंना जेवण देणं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, पुण्य किती मिळतं? मीही आधी हेच विचारायचो, पण महापरिनिब्बान सुत्तातला, म्हणजे बुद्धांच्या शेवटच्या दिवसांचं वर्णन करणाऱ्या पाली सुत्तातला, चुंद वाचला आणि तो प्रश्नच मागे पडला. चुंद म्हणजे पावा नगरातला लोहार. त्याच्या घरी भगवान बुद्ध शेवटचं जेवले आणि नंतर त्यांना भयंकर पोटदुखी सुरू झाली, रक्त पडायला लागलं. आता त्या माणसाच्या मनाचं काय होईल विचार करा, आपल्या हातचं खाऊन तथागत गेले! आणि तेवढ्या दुखण्यातही बुद्ध आपले शिष्य आनंद यांना सांगतात की चुंदाला वाईट वाटू देऊ नका, ज्या भोजनानंतर बोधी मिळाली आणि ज्या भोजनानंतर परिनिर्वाण होतंय, त्या दोन्हींचं फळ सारखंच आणि बाकी सगळ्या भोजनदानांपेक्षा मोठं. मला हे वाचताना दर वेळी भरून येतं.

भिक्खूंचं जगणं बघितलं की या दानाचं वजन कळतं. थेरवादात, म्हणजे पाली ग्रंथ मानणाऱ्या बौद्ध परंपरेत, दुपारी बारानंतर जेवण नाही, कच्चं धान्य घ्यायचं नाही, आजचं अन्न उद्यासाठी ठेवायचं नाही, आणि कुणी हातात दिल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. म्हणजे उपासकाने, घरसंसारातल्या अनुयायाने, दिलं तरच आजचा दिवस निघणार. म्हणूनच अन्न देणारा पाच गोष्टी देतो असं सांगितलंय: आयुष्य, वर्ण म्हणजे कांती, सुख, बळ आणि प्रतिभान, म्हणजे बुद्धीची हुशारी, आणि देणाऱ्यालाही याच पाच मिळतात.

पक्वान्नच पाहिजे असं तर अजिबात नाही. थेरगाथेत, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या गाथांच्या संग्रहात, बुद्धांचे शिष्य महाकस्सप सांगतात, एका कुष्ठरोग्याने त्यांच्या पात्रात घास टाकला आणि त्याचं बोटच तुटून आत पडलं, तरी त्यांनी भिंतीच्या कडेला बसून तो घास खाल्ला, किळस वाटली नाही. त्या माणसाकडे दुसरं होतं तरी काय द्यायला.

दान देणाऱ्याच्या मनाच्या तीन वेळा सांगितल्यात, देण्याआधी आनंद, देताना प्रसन्न मन आणि दिल्यानंतर समाधान. पहिल्या दोन बऱ्याचदा जमतात, पण नंतर मन मोजायला लागतं, कमी पडलं का, भन्तेजींना आवडलं का, आणि दिलेलं सगळं त्या काळजीत विरून जातं. चुंदाला जो निरोप गेला ना, तो मला वाटतं नेमका या तिसऱ्या वेळेसाठीच होता.