एक केस, एक दाणा

सिल्लोड-कन्नडच्या रस्त्यावर श्रावण-भादव्यात निखारे फुलतात आणि मक्याची कणसं तडतडू लागतात. कणीस सोलताना आधी केस ओढून फेकायचे, मग लिंबू-मीठ. पण जितके केस, तितकेच दाणे धरू शकतात. हिशोब इतका चोख आहे.

सकाळी तुऱ्यातून झडलेला परागकण केसाला चिकटतो आणि काही मिनिटांत त्यातून नळी फुटते. ही परागनलिका केसाच्या आतून दाण्याच्या जागेकडे निघते. वेग तासाला साधारण 1 सेंमी आणि केस 30 सेंमीपर्यंत लांब. म्हणजे प्रवास जवळपास एका दिवसाचा. वाढ होते ती फक्त टोकाला. मागचा रिकामा भाग कॅलोज नावाच्या पिष्टमय पदार्थाच्या बुचांनी बंद होत जातो, जिवंत ऐवज पुढेच राहतो. त्यात दोन पुंयुग्मकं, म्हणजे नर-पेशी, असतात. एक अंडपेशीला मिळतं, त्याचा कोंब होतो; दुसरं मधल्या पेशीला मिळतं, त्याचं पीठ होतं. आपण चवीनं खातो ते बहुतेक या दुसऱ्याचं.

ही नलिका प्रथम पाहिली इटलीच्या जोव्हान्नी आमिची यांनी, 1820 च्या दशकात, तीही घोळीच्या फुलात. हो, आपण भाजी करतो तीच घोळ.

आता बोडक्या टोकाचं कणीस. गावात लगेच ‘बियाणं बोगस’ म्हणतात. तसंही असेल, पण आधी पावसाचा खंड आठवावा. बुडाचे केस आधी बाहेर येतात, टोकाचे शेवटी. ऐन तुऱ्यात ताण पडला की केस आणखी रेंगाळतात आणि ते निघेपर्यंत तुरा झडून गेलेला असतो. 35 अंशांवरचं कोरडं ऊन असेल तर केसही सुकतात. सुकलेल्या केसात नळी पुढे सरकत नाही. लष्करी अळीनं कोवळे केस कुरतडले तरी तीच गत.

खात्री करायची तर केस दिसू लागल्यावर आठवड्याभरानं एक कणीस तोडा. वरची पानं उभी चिरून अलगद काढा, बुडाशी धरून हलवा. फळलेल्या दाण्याचा केस आपोआप गळतो, न फळलेल्याचा चिकटून राहतो. केस गळूनही पुढे टोकाचे दाणे सुकले, तर नळी पोहोचली होती. उपासमार नंतर झाली, पाण्याची नाहीतर नत्राची.

परसात मका लावणाऱ्यांनी एकच लांब ओळ टाकू नये. तेवढीच रोपं चार आखूड ओळींत लावली तर वारा कुठूनही आला तरी पराग शेजारच्या केसांवर पडतो.