खुली मौखिक परीक्षा आणि 40 सेकंदांचा आवाज

माझ्या पीएचडीच्या व्हायवाची तारीख जुलै 2020 मध्ये लागली. व्हिडिओ कॉन्फरन्सवर व्हायवा घ्यायला विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 29 एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांत मुभा दिली होती, म्हणून टाळेबंदीतही काम अडलं नाही. विभागाने नेहमीसारखी नोटीस काढली, ‘सर्वांसाठी खुली’, आणि खाली मीटिंगची लिंक छापली. संध्याकाळपर्यंत ती कुठल्या कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली.

माझा प्रबंध ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर. सहाव्या स्लाइडवर 40 सेकंदांची ध्वनिफीत होती. गर्भाशयाची पिशवी काढल्यावर किती दिवसांत पुन्हा कोयता हातात घ्यावा लागला, ते एक ताई सांगतात. परवानगी देताना त्या म्हणाल्या होत्या, “परीक्षेपुरतं ऐकवा, पण आमच्या गावात नका जाऊ देऊ.”

तिसऱ्या स्लाइडला कुणीतरी स्वतःची स्क्रीन शेअर केली आणि घाणेरडा व्हिडिओ लावला. बाहेर काढलं, तर दुसऱ्या नावाने परत आत. अध्यक्षांनी मीटिंग बंद केली. मला रडू आवरेना. पण रात्री झोप लागली नाही ती दुसऱ्याच विचाराने: ही माणसं गप्प बसून सहाव्या स्लाइडची वाट पाहत राहिली असती तर?

नवी तारीख 10 दिवसांनंतरची मिळाली. माझ्या गाइड मॅडमनी केंद्रीय गृहमंत्रालयाची एप्रिलमधली सूचनापत्रिका शोधून काढली. ती झूम वापरणाऱ्यांसाठी होती आणि आमचं ॲप वेगळं होतं, पण बहुतेक सगळं तसंच्या तसं लागू पडलं. दर मीटिंगला नवा आयडी आणि नवा पासवर्ड. वेटिंग रूम चालू, म्हणजे आत घेईपर्यंत प्रत्येकाने बाहेर थांबायचं. होस्टच्या, म्हणजे मीटिंग चालवणाऱ्याच्या आधी कुणी आत येणार नाही. स्क्रीन शेअरिंग फक्त होस्टकडे, माझी वेळ आली की मला. एकदा काढलेला माणूस परत येऊ शकणार नाही. पहिल्या वेळी यातलं एकही केलेलं नव्हतं, आणि प्रत्येकाला जेमतेम एक क्लिक लागतं. याची हळहळ मला अजून वाटते.

पेच होता तो ‘खुली’ या शब्दाचा. नियमाप्रमाणे व्हायवाला विभागाबाहेरच्या अभ्यासकांनाही बसता आलं पाहिजे, आणि तो नियम मला योग्यच वाटतो. म्हणून नोटिशीत लिंकऐवजी नोंदणीचा फॉर्म दिला. नाव, गाव, फोन नंबर भरणाऱ्या प्रत्येकाला लिंक ईमेलने किंवा मेसेजने वेगळी पाठवली. माझ्या मागच्या बॅचची एक मुलगी को-होस्ट झाली. तिचं काम एकच, दारावर थांबून यादीशी नावं ताडून पाहायची.

त्या दिवशी वेटिंग रूममध्ये ‘रेडमी’ एवढंच नाव दिसत होतं. तिने आत घेतलं नाही, यादीतले नंबर एकेक लावत गेली. चौथ्या फोनवर माझा भाऊ सापडला. आई त्याच्या मोबाईलसमोर पदर सारखा करून 10 मिनिटं बसून होती. मला वाईट वाटलं, पण त्या मुलीने केलं ते बरोबरच केलं.

ध्वनिफीत मात्र मी काढून टाकली. सेटिंगने दार राखता येतं. आत बसलेल्या माणसाने दुसऱ्या मोबाईलवर आवाज टिपला, तर त्यावर कुठल्याच ॲपकडे इलाज नाही. मुलाखत घेऊन संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते. ताईंचं बोलणं नाव-गाव वगळून चार ओळींत लिहून दाखवलं. बहिःस्थ परीक्षकांनी नेमक्या त्याच ओळींवर प्रश्न विचारला आणि आमची 15 मिनिटं चर्चा झाली.

आणखी एक गोष्ट मॅडमनी आधीच हेरली होती. प्रश्नोत्तरं संपली की समिती निकालाबद्दल आपसात बोलते, आणि मुख्य मीटिंगचं रेकॉर्डिंग तर चालूच असतं. त्यासाठी परीक्षकांना वेगळी लिंक दिली होती. ते तिकडे गेले, आम्ही सगळे इकडे गप्प. परत येऊन अध्यक्षांनी निकाल वाचला, माझं अभिनंदन केलं आणि नुसतं बाहेर न पडता मीटिंग सर्वांसाठी संपवली.

फॉर्ममध्ये 63 जणांचे फोन नंबर जमले होते. ती शीट मी आणि मॅडमनी दुसऱ्या दिवशी सकाळी डिलीट केली, मग कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढली.