डग्गा कुठे गेला?

“मॅडम, सबवूफर घ्या, बेस येईल.” घरी गाणं ऐकायला नवे स्पीकर बसवले, तेव्हा हे वाक्य मी तीन आठवड्यांत चारदा ऐकलं. सबवूफर म्हणजे फक्त खालच्या सुरांसाठीचा वेगळा स्पीकर. अजून आठवलं की संताप होतो.

स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, स्टँड, भिंतीतून वायर, सगळं एका दिवसात झालं. खोली बारा बाय दहाची. संध्याकाळी विलंबित ख्याल लावला. तबल्याची चाट खणखणीत, पण डग्ग्याचा घुमारा गायब. गायिका समोर बसल्यासारखी वाटायला हवी, तर तिचा आवाज खोलीभर विखुरलेला.

दुकानाला फोन केला. “उद्या माणूस पाठवतो.” तो उद्या नऊ दिवसांनी उजाडला. माणसाने स्पीकरमागे लाल-काळ्या टोकांना वायरी नीट लावल्यात का ते बघितलं, “बरोबर आहे” म्हणाला. मी म्हटलं, “अहो, दुकानात ह्याच स्पीकरवर डग्गा छान घुमत होता.” “दुकानातली खोली वेगळी, मॅडम.” आणि पुन्हा सबवूफर.

शेवटी एका रात्री मीच बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवलं, म्हणजे फक्त डावा स्पीकर वाजेल. डग्गा आला! पूर्ण उजवीकडे फिरवलं, तरी आला. दोन्ही एकत्र लावले की गेला. म्हणजे एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात होता आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकत होते.

अ‍ॅम्प्लिफायर बंद करून वायरी सोडवल्या. मुलाने दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वायरीच्या टोकांना क्षणभर टेकवला, प्लसला प्लस. मी टॉर्च धरून वूफरकडे, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या पडद्याकडे, बघत होते. डावा पडदा टप् करून बाहेर आला, उजवा आत गेला. भिंतीतल्या वायरीचा जोड झाकणारी कपाटामागची प्लेट उघडली. पारदर्शक वायरीच्या एका कडेला बारीक लाल रेघ असते. तिथल्या जोडात रेघेची तार बिनरेघेच्या तारेला पिळलेली. दहा मिनिटांचं काम, आणि मला पंधरा-वीस हजारांचा सबवूफर घ्यायला लावत होते!

जोड सुधारल्यावर डग्गा उलट जास्तच घुमायला लागला, कारण स्पीकर भिंतीला चिकटून होते. दीड फूट पुढे घेतले. बारा फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे अगदी खालचा, आवाज साठतो. भिंतीला टेकून बसलं की तो फुगतो, बरोबर मध्यावर बसलं की नाहीसा होतो. मी खुर्ची मध्यापासून दोन फूट मागे घेतली.

हो, ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा पडदा, कानाच्या उंचीला हवा. दोन स्पीकर आणि आपण, तिन्ही अंतरं सारखी. टाइल्सवर सतरंजी टाका. टाळी वाजवून बघा, झणझण ऐकू येते तोवर खोली उघडीबोडकी आहे, आवाज शोषणारं त्यात पुरेसं नाही. जुनं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं, रेकॉर्डिंग लावलं तर आवाज बरोबर मधोमध यायला हवा.

आणि माणूस प्लेट बंद करायच्या आत सेल आणा, दोन्ही पडदे त्याच्यासमोरच तपासा.