गुडघ्याचं तेल

आजोबांना रात्री आणलं तेव्हा रेफर चिठ्ठीवर ‘हार्ट अटॅक’ लिहिलेलं होतं. उलट्या, गार घाम, बीपी ७०. पाठवणाऱ्या डॉक्टरला दोष देण्यासारखं काही नव्हतं. पण आजोबा सारखे ओठ चाचपत होते. ‘तोंडाला मुंग्या आल्यात, जीभ बधिर झालीय,’ एवढंच पुन्हा पुन्हा.

मॉनिटरवर एक ठोका वर, पुढचा खाली, परत वर, परत खाली. बायडायरेक्शनल व्हीटी, हृदयाच्या खालच्या कप्प्यांची जीवघेणी उलटसुलट लय. ही पट्टी पुस्तकाबाहेर फारशी दिसत नाही. कारणं मोजकी, त्यांतलं पहिलं डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध. आजोबांना ते चालू नव्हतं. मी मुलाला विचारलं, ‘घरात गुडघ्याला चोळायचं तेल आहे का?’

इंटर्न माझ्याकडे बघत राहिला. हा प्रश्न मला सुचला तो एका कादंबरीमुळे.

एलिस पीटर्स या नावानं ईडिथ पार्जेटर यांनी १९७७ ते १९९४ या काळात ब्रदर कॅडफेलच्या २० कादंबऱ्या लिहिल्या. कॅडफेल हा बाराव्या शतकातल्या इंग्लंडमधला, श्रूजबरीच्या मठातला साधू. तरुणपणी क्रूसेडमध्ये लढलेला, आता औषधी वनस्पतींची बाग सांभाळणारा. लेखिकेनं स्वतः औषधांच्या दुकानात काम केलं होतं, आणि ते पानापानावर कळतं. ‘मंक्स-हूड’ ही मालिकेतली तिसरी, १९८० ची. ११३८ च्या डिसेंबरात मठाच्या आसऱ्याला आलेला एक जमीनदार जेवणातून विषबाधा होऊन मरतो. विष कॅडफेल लगेच ओळखतो, कारण म्हाताऱ्या साधूंचे सांधे चोळायला ते तेल त्यानंच बनवलेलं असतं. ज्या मुळापासून बनवलं ते मूळ म्हणजे आपल्या विषारी बचनागाचा सख्खा भाऊ. आणि मॉनिटरवरची ती पट्टी बचनागानंही येते.

‘तेल आहे,’ मुलगा म्हणाला. बाजारातून आणलेलं. पहाटे बाटली आली. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, लेबलसुद्धा खोकल्याच्या औषधाचंच. ती हातात घेऊन मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही. आयुर्वेदात बचनाग गोमूत्रात शुद्ध केल्याशिवाय पोटात देत नाहीत. कायद्यानं तो शेड्यूल ई-१ मधल्या विषारी द्रव्यांत आहे. शिकलेला वैद्य त्याला जपून हात लावतो. ही बाटली भरणाऱ्याला कुणी काही विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. कॅडफेल मात्र आपल्या तेलानं माणूस मेला म्हणून स्वतःला जबाबदार धरतो.

बचनागाला उतारा नाही. हृदयाच्या पेशींतले सोडियम चॅनल, म्हणजे ठोक्याचा विद्युत संदेश सुरू करणारी दारं, बंद होत नाहीत, त्यामुळे शॉक देऊनही लय बहुधा टिकत नाही. लय सावरायला अमिओडारोन, मॅग्नेशियम, आणि विष उतरेपर्यंत माणसाला तगवणं. रात्रपाळीच्या सिस्टर सकाळपर्यंत पलंगापासून हलल्या नाहीत. अशा लोकांवर सरकारी दवाखाने चालतात, आणि त्यांच्याच जागा सगळ्यात आधी रिकाम्या ठेवल्या जातात. स्टमक वॉशचं पाणी सील केलं, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, केली. हवालदारानं विचारलं, ‘चुकून की मुद्दाम?’ तेल कुणी विकलं, हे त्याच्या कागदात कुठेच नाही.

‘अंधारात खोकल्याचं औषध समजून स्वतःच प्यायले,’ मुलानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर आजोबाही तेच म्हणाले, मुलाकडे बघत. मग त्यांनी पाणी मागितलं. जुन्या पक्षाघातानं त्यांचा उजवा हात लुळा आहे. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांना उघडेना, सिस्टरनं उघडून दिलं. तेलाच्या बाटलीचं झाकण त्याहून घट्ट होतं.

कुणीतरी चुकून पाजलं असेल आणि आता भीतीनं बोलत नसेल. बहुतेक तसंच. पण दुसरी शक्यता डोक्यातून जात नाही. आजोबा एकटे असताना मी परत विचारलं. ‘मीच घेतलं, बाई. घरी जाऊ द्या,’ म्हणाले.

कादंबरीच्या शेवटी कॅडफेल खुन्याला शेरीफच्या हवाली करत नाही. जन्मभराचं प्रायश्चित्त देऊन सोडतो. वाचताना मला ते पटलं होतं. पण त्याला खरं काय ते ठाऊक होतं, आणि ज्याला सोडलं त्यानं ते कबूल केलं होतं. माझ्यासमोर घरी जायची घाई झालेला एक म्हातारा होता. उजव्या हाताची ताकद आणि झाकणाची गोष्ट मी केसपेपरवर लिहिली, पोलिसांच्या प्रतीवरही लिहिली. डिस्चार्जच्या दिवशी न्यायला मुलगाच आला होता.