शेडमध्ये दडलंय काय?

२०१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ओहायोत, कोलंबसहून आय-७१ महामार्गाने सिनसिनाटीकडे निघालो तेव्हा गाडीत दुसरा विषयच नव्हता. मेसन गावच्या किंग्ज आयलंड या करमणूक पार्कमध्ये ‘मिस्टिक टिंबर्स’ हा नवा लाकडी रोलर कोस्टर सुरू होत होता. उंची १०९ फूट, वेग ताशी ५३ मैल, लांबी ३,२६५ फूट, सगळं पार्कवाल्यांनी आधीच जाहीर केलेलं. शेवटी एक शेड लागते, तिच्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. उलट ‘शेडमध्ये काय आहे?’ हीच त्यांची जाहिरात!

भाच्याचं ठाम मत होतं, “मामा, आत रूळच खाली पडणार, बघ तू.” तर्क अगदीच हवेतला नव्हता. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये ‘थर्टीन’वर २०१० पासून गाडीसकट रूळ खाली येतो, व्हर्जिनियाच्या बुश गार्डन्समध्ये ‘व्हर्बोल्टन’वरही. पण ते दोन्ही कोस्टर पोलादी. लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्यांचे थर आणि वर पोलादी पट्टी. त्यातला एक तुकडा वरखाली करायचा तर तेवढ्यापुरतं सगळं बांधकामच बदलावं लागेल.

माझं लक्ष शेडच्या जागेवर होतं. ती स्टेशनच्या अगदी तोंडाशी आहे. कोस्टरवर दोन गाड्या कधीच एका टप्प्यात येऊ देत नाहीत. पुढची गाडी स्टेशनातून सुटेपर्यंत मागचीला ब्रेकवर ताटकळावं लागतं. मांडीवर दांडा आवळलेला, डोक्यावर ऊन, आणि करायला काही नाही. मी म्हटलं, “ही ताटकळ झाकायलाच शेड बांधलीय. आत काहीतरी दाखवतील.” त्याला ते फारच मिळमिळीत वाटलं.

रांगेत जो तो आपापलं डोकं लढवत होता. सजावट एका ओसाड पडलेल्या लाकूड कंपनीची. नवं लाकूड अजून पिवळसर, ‘बीस्ट’च्या काळवंडलेल्या लाकडाशेजारी नजरेत भरणारं. १९७९ चा हा ‘बीस्ट’ आजही जगातला सर्वांत लांब लाकडी कोस्टर आहे.

गाडीचं तोंड जुन्या ट्रकचं. चढ संपला आणि पहिल्या उतारालाच पोटात गोळा आला. त्यानंतर मात्र उसंतच नाही. टेकड्या बुटक्या, पण इतक्या लागोपाठ, की एका टेकडीवर सीटवरून उचलले गेलो की खाली टेकेपर्यंत दुसरी हजर. झाडं आणि खांब अंगावर धावून येतात. बोगदा कधी आला नि गेला कळलंही नाही.

मग शेड. गाडी आत जाऊन थांबली. अंधार, खरखरता रेडिओ, त्यावर गाणं, आणि एकदम वटवाघळांचा कल्लोळ. रूळ जागच्या जागी. भाचा हिरमुसला. पुन्हा रांगेत लागलो, तर या वेळी वटवाघळांच्या जागी साप! तिथून त्याचा नूर पालटला. आत तीन वेगवेगळे शेवट आहेत आणि कुठला वाट्याला येईल ते आधी कळत नाही. तिसऱ्यात झाडाचा राक्षस येतो.

मला विचाराल तर शेडपेक्षा त्या बुटक्या टेकड्याच या कोस्टरचा जीव आहेत. एवढ्याशा उंचीत इतकं उचलणारा कोस्टर मला फार आवडला. जाणार असाल तर एक फेरी अंधार पडल्यावर, शेवटच्या डब्यात बसून घ्याच. आणि सोबतच्यांना आत काय आहे ते सांगू नका, रांगेत त्यांना भांडू द्या.