एकाच सभासदाच्या दोन विंडो

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले, तेव्हा देवघेवीचं सगळं काम अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममधल्या एका फाइलवर चालायचं. सभासद, पुस्तकं, देवघेव, वर्गणी असे फॉर्म, म्हणजे माहिती भरायच्या विंडो, आणि प्रत्येक फॉर्मवर दुसरा फॉर्म उघडणारी बटणं. आधीचा फॉर्म मिटवण्याची सोय मात्र कुठेच केलेली नव्हती. संध्याकाळी गर्दी झाली की पडद्यावर आठ-नऊ विंडोंची चळत साचायची. त्यातली एक मोठी केली की सगळ्याच पडदाभर व्हायच्या आणि खाली काय उघडं आहे ते कळायचंच नाही.

हा पसारा मी बरेच दिवस चालवून घेतला. मग एक निवृत्त शिक्षक वर्गणी भरायला आले आणि घर बदलल्याचंही सांगून गेले. आमच्या मदतनिसाने सभासद फॉर्मवर नवा पत्ता टाइप केला, तिथूनच वर्गणीचं बटण दाबलं, पैसे घेतले, पावती दिली आणि परत सभासद फॉर्मवर आला. तिथे एक सूचना उभी राहिली. तो म्हणाला, "मॅडम, हे म्हणतंय की ही नोंद दुसऱ्या कुणीतरी बदलली. पण कॉम्प्युटरवर तर मी एकटाच आहे." खाली तीन बटणं होती. त्यातलं 'ड्रॉप चेंजेस', म्हणजे 'मी केलेले बदल सोडून दे', हे त्याने दाबलं आणि पुढच्या माणसाला पुस्तक दिलं.

काही महिन्यांनी त्या शिक्षकांना पाठवलेलं स्मरणपत्र जुन्या पत्त्यावरून परत आलं. ते स्वतः आले आणि म्हणाले, "ताई, पत्ता तर मी तेव्हाच दिला होता ना?" ते मला फार लागलं. माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आमच्याकडून हरवली होती.

त्या रात्री फाइलची प्रत काढून मी तोच क्रम पुन्हा करून पाहिला. सभासद फॉर्मवर पत्ता बदलला की नोंदीच्या डावीकडे पेन्सिलचं चिन्ह येतं. लिहिलंय, पण अजून टेबलात, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या तक्त्यात, गेलेलं नाही, असा त्याचा अर्थ. वर्गणीचा फॉर्म 'वर्गणी कुठवर भरली' ही तारीख सभासदांच्या टेबलातच, त्याच ओळीत लिहीत होता. म्हणजे एका विंडोत अर्धवट बदललेली ओळ दुसऱ्या विंडोने आधीच बदलून ठेवली होती. तो 'दुसरा कुणीतरी' म्हणजे आमचीच दुसरी विंडो.

पहिला उपाय मी वरवरचाच केला. फाइल, ऑप्शन्स, करंट डेटाबेस इथे जाऊन 'ओव्हरलॅपिंग विंडोज'ऐवजी 'टॅब्ड डॉक्युमेंट्स' निवडलं. ही सोय २००७ च्या आवृत्तीपासून आहे; आमची फाइल त्याआधीची, एमडीबी या जुन्या फाइल-प्रकारातून आलेली, म्हणून जुन्याच पद्धतीने उघडत होती. फाइल बंद करून पुन्हा उघडली आणि सगळे फॉर्म वर टॅबांच्या ओळीत आले. काय काय उघडं आहे ते दिसू लागलं, कंट्रोल धरून एफ६ दाबत एकातून दुसऱ्यात जाता येऊ लागलं. पण तीच सूचना टॅबांतही आली. विंडो कशा मांडल्या याचा त्या सूचनेशी संबंधच नव्हता.

खरा बदल वर्गणीच्या बटणामागच्या कोडमध्ये करावा लागला. आधी सभासद फॉर्मचा 'डर्टी' (जतन न केलेला बदल आहे का, हे सांगणारा) हा गुणधर्म 'फॉल्स' केला. तेवढ्याने पेन्सिल असलेली नोंद जतन होते. मग फॉर्म उघडणाऱ्या 'ओपनफॉर्म' या आज्ञेला 'एसीडायलॉग' हा पर्याय जोडला. आता वर्गणीची विंडो वर तरंगते, ती मिटेपर्यंत मागे काही लिहिता येत नाही आणि बटणाचा कोडही तिथेच थांबून राहतो. विंडो मिटली की पुढची ओळ चालते आणि सभासद फॉर्म ताजा होतो.

त्या शेवटच्या ओळीत मी आधी 'रीक्वेरी' लिहिलं होतं. ते सगळ्या नोंदी नव्याने आणतं आणि पहिल्या सभासदावर नेऊन उभं करतं. काउंटरवर हे धोक्याचं, कारण समोर उभा माणूस एक आणि पडद्यावरचं नाव दुसरंच. तिथे 'रीफ्रेश' हवं होतं. ते त्याच नोंदीवर राहून नवी तारीख दाखवतं. नवा लेखक वेगळ्या विंडोत घातल्यावर पुस्तकाच्या फॉर्मवरच्या यादीत तो दिसत नसे. तिथे मात्र 'रीक्वेरी'च लागलं, पण फक्त त्या यादीपुरतं.

उलटी गरज, म्हणजे एकच फॉर्म दोनदा उघडण्याची, दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांची नोंद) तपासताना पडली. दुबार नोंदीचा संशय आला की दोन पुस्तकांची कार्डं, म्हणजे पडद्यावरच्या नोंदी, शेजारी शेजारी बघायची असतात. पुस्तकाचा फॉर्म पुन्हा उघडायला सांगितला, तर अ‍ॅक्सेस आधीचाच पुढे आणतं. त्याच फॉर्मची दुसरी प्रत हवी असेल तर ती कोडमधून 'न्यू' लिहून करावी लागते. मी तसं केलं. विंडो क्षणभर आली आणि गेली. कोडचा तो भाग चालून संपताच ती धरून ठेवणारं चल (व्हेरिएबल) संपत होतं. मॉड्यूलच्या पातळीवर, म्हणजे तो भाग संपला तरी टिकेल असं, एक कलेक्शन (संग्रह) करून प्रत त्यात ठेवली, तेव्हा ती टिकली. या प्रतींना पॉपअप (वर तरंगणाऱ्या विंडो) केल्यामुळे त्या अ‍ॅक्सेसच्या चौकटीबाहेर, दुसऱ्या मॉनिटरवरही नेता आल्या. साध्या विंडो त्या चौकटीबाहेर जात नाहीत.

त्या प्रतींमध्ये 'अलाऊ एडिट्स' (बदल करू द्यायचे का) मी 'नो' ठेवलं आहे. कितीही कार्डं उघडा आणि वाचा. दुरुस्ती मूळ फॉर्मवरच करायची. परवा दोन खंडांचं एक चरित्र असंच शेजारी ठेवून पाहिलं. दोन्ही कार्डांवर 'खंड १' लिहिलेलं होतं. मदतनीस कपाटाकडे गेला, दोन्ही पुस्तकं घेऊन आला आणि दुसऱ्या कार्डावरचा आकडा त्याने मूळ फॉर्ममध्ये दुरुस्त केला.