चालू लाईनवर

परवा दुपारी इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या एका दुकानात जुन्या हार्ड डिस्कवरचे फोटो काढून घ्यायला बसलो होतो. काउंटरवरचा पोरगा एका हाताने कचोरी खात होता आणि दुसऱ्या हाताने चालू लॅपटॉपला बाहेरून लावलेली एक डिस्क उपटून तिथे दुसरी खुपसत होता. ना कुठे क्लिक, ना पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या 'सुरक्षितपणे काढा'च्या चिन्हाकडे नजर. माझ्या तोंडून 'अरे अरे' निघालंच. कचोरी न थांबवता तो म्हणाला, "कुछ नी होता, भिया."

नसेल होत. पण आमच्या पिढीला कॉम्प्युटरने दटावलेलं आहे. विंडोज 2000 मध्ये न विचारता काही ओढून काढलं, की पडद्यावर चौकट यायची आणि 'असुरक्षित रीतीने काढलंत' म्हणून सुनवायची. तेही काढून झाल्यावर! तेव्हापासून मी परवानगी घेतो. एवढंच नाही, परवानगी मिळाल्यावरही थांबतो. मिनिटाला 5400 फेरे घेणारी तबकडी वीज तोडल्याबरोबर थांबत नाही. त्या वेळी डिस्क हातात धरून वळवून बघा, ती आपल्या मनगटाशी हुज्जत घालते. ती निमूट होईपर्यंत मी तिला हलवत नाही. घरचे याला वेड म्हणतात.

हे वेड लागलं थिंकपॅड नावाच्या लॅपटॉपमुळे. भावाच्या ऑफिसातून निवृत्त झालेला तो काळा ठोकळा पुण्याहून रामबागेत आमच्या घरी आला, तेव्हा त्याच्या कुशीत एक खण होता. त्यात सीडी ड्राइव्ह बसायचा, फ्लॉपीचा ड्राइव्ह बसायचा, दुसरी हार्ड डिस्क बसायची आणि मुख्य म्हणजे जोडीची बॅटरी बसायची. सगळं एकाच जागी, आळीपाळीने आणि मशीन बंद न करता. खटका सरकवला की छोटीशी तरफ बाहेर डोकावायची, ती धरून ओढायचं. 2003 साल. त्या वर्षीची मध्य प्रदेश विधानसभेची निवडणूकच 'बिजली, सडक, पानी'वर लढली गेली, यावरून काय ते समजा. कटौती, म्हणजे भारनियमन, सुरू झाली आणि आतल्या बॅटरीने मान टाकली, की मी खाली कोपऱ्यात जाऊन सीडी ड्राइव्हला रीतसर निरोप द्यायचो, त्याला काढून जोडीची बॅटरी सारायचो, आणि अर्धवट टाइप केलेलं वाक्य तसंच पुढे चालू. शेजारचे लोक गच्चीत वारा खात असायचे आणि मी मेणबत्तीशेजारी बसून हा खेळ करायचो. काम काही फार महत्त्वाचं नसायचं. पण खण रिकामा असताना, एक वस्तू हातात आणि दुसरी टेबलावर असताना, मशीन चालूच आहे याची मजा काही औरच होती.

बाबांना ते आवडायचं नाही. "आधी बंद करावं माणसाने," म्हणायचे. हे कोण सांगतंय, तर जे स्वतः मेन स्विच न पाडता फ्यूज बदलायचे!

आमच्या ओसरीवर फ्यूजची तार धरणारे चिनी मातीचे पांढरे कटआउट होते. फ्यूज उडाला की बाबा स्वयंपाकघरातून जेवायचा पाट आणायला लावत. तो लाकडीच हवा, आणि कोरडा. आधी पाटावर उभं राहायचं. मग डावा हात पाठीमागे, सदऱ्याच्या खाली. मग उजव्या हाताने कटआउट सरळ बाहेर, वाकडा न करता. तार भरायची ती खाली उतरून, आईने धरलेल्या टॉर्चच्या उजेडात. आणि ती तार बहुधा जुन्या वायरीतून सोललेली असायची, बाजारची नाही. पुन्हा पाट, पुन्हा डावा हात मागे. आम्हाला मात्र ताकीद होती, की मेन पाडल्याशिवाय त्या बोर्डाकडे बघायचंसुद्धा नाही. हा अन्याय आहे असं मला तेव्हा वाटायचं. तो हात मागे का, हे पुष्कळ उशिरा कळलं. दुसऱ्या हाताने चुकून कशाला टेकलं, तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जातो. म्हणजे बाबांचं धाडस कसलं, सगळा क्रम होता.

यूएसबीच्या पिनेतही तोच क्रम आहे. घरातला एखादा जुना पेन ड्राइव्ह उजेडात धरा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील; कडेच्या दोन लांब, मधल्या दोन आखूड. लांब आहेत त्या विजेच्या. घालताना आधी त्या टेकतात, मागून माहितीच्या. काढताना उलट, माहिती आधी सुटते आणि वीज शेवटी. हार्ड डिस्कच्या साटा नावाच्या सपाट कनेक्टरमध्येही अर्थिंगच्या पट्ट्या पुढे काढलेल्या असतात. लॅपटॉपच्या त्याआधीच्या, आयडीई पद्धतीच्या डिस्कच्या 44 सुया मात्र सगळ्या एका उंचीच्या. त्या नुसत्या चालू मशीनला लावायच्या नाहीत, ती भानगड खणाला निस्तरू द्यायची. कुणीतरी बसून मिलिमीटरमध्ये ठरवलंय, कोण आधी उठणार ते. कचोरीवाला पोरगा त्याच भरवशावर बेदरकार होता.

हां, पट्ट्यांच्या लांबीने वीज सांभाळली जाते, फाइल नाही. 'कॉपी झालं' असं दिसतं तेव्हा अर्धा मजकूर अजून मेमरीतच असू शकतो. मग 2018 च्या विंडोज 10 मध्ये, 1809 या आवृत्तीपासून, बाहेरून लावलेल्या डिस्कसाठी मागाहून लिहायची ही उधारीच मूळ सेटिंगमधून काढून टाकली. लिहायचं ते लगेच लिहा, आणि मजकूर जात नसेल तेव्हा खुशाल ओढा. चिन्हावर क्लिक करायचं कारण उरलं नाही. मी करतो. आणि 'हे उपकरण वापरात आहे' असं उत्तर आलं की घरात मी एकटा असूनही मागे वळून बघतो.

भाचीच्या नव्या लॅपटॉपला तर खणच नाही. साठवण मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेली, बॅटरी चिकटवलेली. चालू असताना सोडा, बंद करूनही त्यातून काही निघत नाही. मी विचारलं, यातलं सगळं बाहेर काढायची वेळ आली तर? ती म्हणाली, "मामा, क्लाउडवर असतं ना." आणि नेट गेलं, लाईट गेली तर? ती हसली. रामबागेत आता कटौती होत नाही म्हणे.

म्हणजे, फारशी नाही.